नाल, खिळे, ऐरण : एका उघड्या सँडविचचे वाचन

आपल्या साहित्यविचाराची परिभाषा नीट न्याहाळली तर तिचा अर्धाअधिक संसार स्वयंपाकघरातून आलेला दिसतो. रस, रुची, आस्वाद, चर्वणा, परिपाक हे सारे शब्द आधी जिभेचे आणि मग बुद्धीचे. नाट्यशास्त्राच्या सहाव्या अध्यायात रस म्हणजे काय हे सांगण्याची वेळ आली तेव्हा भरताला दृष्टांत सुचला तो नाना व्यंजनांनी सिद्ध झालेल्या अन्नाचा आणि ते चाखणाऱ्या सुमनस माणसाचा. असे असूनही ज्या घरातून ही परिभाषा उचलली त्या घरात पाऊल टाकायची मराठीच्या प्राध्यापकांना लाज वाटते. रसचर्चा वर्षभर चालते. रस्सा मात्र अभ्यासाचा विषय होत नाही.

हे लिहिण्याचे निमित्त सांगतो. एका मराठी विभागात एका विद्यार्थिनीने पाककृतींच्या पुस्तकांच्या भाषेवर लघुप्रबंध लिहिण्याचा प्रस्ताव ठेवला. ‘हा गृहविज्ञानाचा विषय आहे, साहित्याचा नव्हे’ असे दीड ओळीचे उत्तर तिला मिळाले. तिने मग एका कादंबरीकाराच्या ‘स्त्रीचित्रणा’वर लिहिले. त्या विषयावर तोवर किती प्रबंध झाले होते ते मोजण्याचे धैर्य मला झाले नाही. पु. ल. देशपांड्यांचा ‘माझे खाद्यजीवन’ वर्गात शिकवायला चालतो, कारण तो ललित लेख आहे. दुर्गाबाई भागवतांच्या ‘खमंग’चे नाव घ्यायलाही हरकत नसते, कारण ते दुर्गाबाईंचे आहे. कमलाबाई ओगल्यांची ‘रुचिरा’ मात्र चालत नाही. मराठी घरांत तिच्याइतके वाचले गेलेले, हाताळले गेलेले, तेलाच्या डागांनी साक्षांकित झालेले पुस्तक शोधायला कष्ट पडतील. तरी ती चालत नाही. कारण विचारले तर सांगतात की पाककृती हा ‘मजकूर’ आहे, ‘संहिता’ नव्हे.

मला हे मत सर्वथा चुकीचे वाटते. ते का, हे दाखवण्यासाठी मी मुद्दाम आपल्यापासून दूरचा आणि प्रथमदर्शनी अगदी बटबटीत वाटणारा पदार्थ निवडतो आहे. पुरणपोळीविषयी लिहिले असते तर वाचकांच्या स्मृतिकातरतेने माझी अर्धी बाजू मांडून टाकली असती. तो फायदा नको. म्हणून घेऊ या अमेरिकेतील इलिनॉय राज्याच्या राजधानीचा, स्प्रिंगफील्डचा, ‘हॉर्सशू’. भाजलेल्या जाड पावावर मांस, त्यावर तळलेल्या बटाट्याच्या फोडींचा ढीग, आणि या सगळ्यावर ओतलेला दाट, गरम चीजचा सॉस. वर दुसरा पाव नाही. हात लावायला जागा नाही. काटा-सुरी घेऊन बसायचे आणि संपवायचे, म्हणजे शक्य झाल्यास संपवायचे.

स्प्रिंगफील्ड हे नाव साहित्याच्या वाचकाला अगदीच अनोळखी नसावे. 1837 ते 1861 या काळात अब्राहम लिंकन याच गावी राहत होता, आणि व्हेचल लिंडसे हा कवी इथेच जन्मला (1879) आणि इथेच वारला (1931). लिंडसेच्या हयातीतच, 1928 साली, गावातल्या लेलँड हॉटेलात हा पदार्थ तयार झाला असे परंपरा सांगते. कर्ता म्हणून नाव घेतले जाते ते तिथले मुख्य आचारी जो श्वेस्का यांचे. ते हॉटेल आता हॉटेल म्हणून उरलेले नाही. पदार्थ मात्र उरला, आणि गंमत अशी की तो गावाबाहेर फारसा गेलाच नाही. बर्गर जगभर गेला. हॉर्सशू मध्य इलिनॉयात घट्ट रुतून बसला. खिळे ठोकल्यासारखा म्हणावे तर विनोद आपोआपच होतो.

कारण या पदार्थाचे नाव हे एक पूर्ण, अंगोपांगासह बांधलेले रूपक होते. आपल्या जुन्या अलंकारशास्त्रात ज्याला सावयव रूपक म्हणतात, अगदी तसे. हाडासकट शिजवलेल्या हॅममधून जाड काप काढला की त्याचा आकार घोड्याच्या नालासारखा दिसे : हा नाल. भोवती मांडलेल्या बटाट्याच्या लांबट फोडी : हे नालाचे खिळे. आणि ज्या तापलेल्या धातूच्या ताटलीत हे सारे समोर येई ती ताटली : ही ऐरण. उपमेय आणि उपमान यांचे अवयव एकास एक जुळतात. नालबंदाच्या भट्टीचे संपूर्ण दृश्य जेवणाच्या टेबलावर. 1928 साली मोटारगाड्यांनी घोड्यांना रस्त्यांवरून बाजूला सारायला सुरुवात करून बराच काळ झाला होता. नालबंद दिसेनासा होण्याच्या काळात तो ताटलीत अवतरला, ही गोष्ट मला सूचक वाटते. तिच्यावर सिद्धान्ताची इमारत मात्र उभी करणार नाही.

पुढे या रूपकाचे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. हॅमचा हाडाजवळचा काप महाग आणि कटकटीचा, म्हणून त्याच्या जागी खिम्याची गोल टिक्की आली. चिकन आले, टर्की आली, पुढे शाकाहारी टिक्कीही आली. नालाचा आकार गेला. जाड फोडींच्या जागी सर्वत्र मिळणाऱ्या बारीक फ्रेंच फ्राइज आल्या, आणि त्या कडेला मांडण्याऐवजी वर ढिगाने ओतल्या जाऊ लागल्या. खिळे गेले. तापलेल्या धातूच्या ताटलीऐवजी बहुतेक ठिकाणी साधी प्लेट आली. ऐरणही गेली. उपमानाचा एकही अवयव शिल्लक नाही, तरी नाव जसेच्या तसे आहे. इतकेच नव्हे तर ते प्रसवते आहे : एकाच पावाचा छोटा पदार्थ मागितला तर त्याला ‘पोनीशू’ म्हणतात, म्हणजे तट्टाचा नाल. रूपक मेले, पण त्याला पिल्लू झाले! ‘मृत रूपक’ ही संकल्पना विद्यार्थ्यांना शिकवताना आपण वर्षानुवर्षे ‘खुर्चीचा पाय’ आणि ‘सुईचे नाक’ यांवर भागवतो. मृत रूपकसुद्धा नवे शब्द घडवू शकते हे दाखवायला याहून बोलके उदाहरण मला तरी ठाऊक नाही.

आता कर्तृत्वाचा प्रश्न. श्वेस्का यांचे नाव सर्वत्र येते. पण त्याच परंपरेत आणखी एक हकीकत आहे : नवा पदार्थ हवा होता, तेव्हा वेल्श रेअरबिटच्या धर्तीचा चीज सॉस वापरून पाहा असे त्यांना त्यांच्या पत्नीने, एलिझाबेथ यांनी, सुचवले. ही हकीकत खरी मानली तर हॉर्सशूचा जो भाग शंभर वर्षांच्या उलथापालथीत टिकला, तो सॉस, पत्नीचा. आणि जे भाग गळून पडले, हॅमचा आकार आणि मांडणी, ते पतीचे. श्रेयाच्या पाटीवर मात्र नाव कोणाचे, ते वाचकांनी ओळखलेच असेल. शिवाय स्टीव्ह टॉमको हे तिसरे नाव आहे. ते श्वेस्कांच्या हाताखाली काम करत, आणि पुढे गावातल्या इतर खाणावळींतून त्यांनी हा पदार्थ रुजवला. म्हणजे एक सुचवणारी, एक रचणारा आणि एक गावभर पोहोचवणारा. जात्यावरच्या ओव्यांचा कर्ता कोण, असा प्रश्न आपण विचारतो आणि ‘अनामिक’ असे लिहून मोकळे होतो. स्वयंपाकघरातल्या रचनांचे तसेच होते. फरक इतकाच की तिथे पुष्कळदा नाव माहीत असूनही ते तळटीपेत जाते.

पाठभेदांचे म्हणाल तर हॉर्सशूच्या सॉसचे जितके पाठ तितकी घराणी. कोणी दूध घालते, कोणी साय, कोणी अंड्याचा बलक; कोणी बिअर घालते, कोणी तिला हात लावत नाही. इथे पाठचिकित्सकाला एक मौज दिसेल. वेल्श रेअरबिटच्या जुन्या कृतींत बिअरसारखे पेय असतेच, म्हणून बिअर घातलेला पाठ हाच मूळ असे कोणी म्हणेल. पण 1920 च्या जानेवारीपासून 1933 च्या डिसेंबरपर्यंत अमेरिकेत दारूबंदी होती. मग 1928 साली एका राजधानीच्या शहरातल्या प्रतिष्ठित हॉटेलात सॉसमध्ये बिअर कशी पडली असेल? एक तर ती अर्धा टक्क्याहून कमी अल्कोहोल असलेली, कायद्याने परवानगी असलेली बिनकैफी बिअर असेल. किंवा कायदा भटारखान्याच्या दारापर्यंतच पोहोचत असेल. किंवा बिअर हा 1933 नंतरचा प्रक्षेप असेल. मी तिसऱ्या शक्यतेकडे झुकतो, पण आग्रह धरणार नाही. मुद्दा असा की अंतर्गत पुरावा, कालविसंगती, प्रक्षेप ही जी हत्यारे आपण हस्तलिखितांसाठी परजून ठेवतो ती पाककृतीवर तितकीच चालतात. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली ती भ्रष्ट पाठ पसरले होते म्हणून. पाककृतीला कोणी एकनाथ भेटत नाही, आणि भेटूही नये असे मला वाटते. कारण पाककृतीचा पाठ प्रत्येक चुलीवर नव्याने सिद्ध व्हावा लागतो. ती नाटकाच्या संहितेच्या जवळची, ग्रंथाच्या नव्हे. प्रयोग झाला नाही तर ती अर्धीच असते.

सॉसची वंशावळ अधिक मागे नेता येते. चीज वितळवून भाजलेल्या पावावर घालण्याच्या पदार्थाला अठराव्या शतकात इंग्रज ‘वेल्श रॅबिट’ म्हणू लागले. हॅना ग्लासच्या 1747 सालच्या पाकपुस्तकात वेल्श, स्कॉच आणि इंग्लिश असे तीन ‘ससे’ आहेत, आणि तिन्हींत सशाचा केसही नाही. हा विनोद होता, आणि तो वेल्श लोकांच्या गरिबीवर होता : यांना ससा परवडत नाही, म्हणून यांचा ससा चीजचा. पुढे कोणा सभ्य गृहस्थांना हा विनोद समजला नाही किंवा आवडला नाही. त्यांनी ‘रॅबिट’चे ‘रेअरबिट’, म्हणजे दुर्मीळ घास, असे सुसंस्कृत शुद्धीकरण केले. 1785 पर्यंत हे रूप नोंदले गेले होते. इंग्रजी भाषाप्रयोगाचा कोशकार फाउलर याने 1926 साली या शुद्धीकरणाची चांगलीच टर उडवली. तोवर उशीर झाला होता. हॉटेलांच्या पत्रकांवर ‘रेअरबिट’च छापले जात होते.

मराठी वाचकाला याचा सख्खा भाऊ घराजवळच सापडेल. आपल्या सुक्या बोंबलाला इंग्रजांनी ‘बाँबे डक’ म्हटले. मासा असून बदक! त्यावरही मागाहून एक व्युत्पत्ती शोधली गेली : बोंबील रेल्वेच्या टपालगाडीतून, ‘बाँबे डाक’मधून, जात आणि डब्यांना वास मारी, म्हणून ‘डाक’चे ‘डक’ झाले. कथा झकास आहे. फक्त आगगाडी 1853 साली सुरू झाली आणि हे नाव त्याआधीच छापील इंग्रजीत आढळते. चीजचा ससा आणि बोंबलाचे बदक ही एकाच विनोदबुद्धीची अपत्ये : दुसऱ्याच्या अन्नाला आपल्या शिकारीचे नाव द्यायचे आणि हसायचे. अन्नाच्या नावांत सत्ता कशी वावरते हे पाहायला जड सैद्धान्तिक ग्रंथ लागत नाहीत.

इतके झाल्यावर प्रत्यक्ष कृतीकडे वळणे भाग आहे. ज्याने प्रयोग पाहिला नाही त्याने नाट्यसमीक्षा लिहू नये, तसेच हे.

दोन माणसांसाठी अर्धा किलो बटाटे घ्यावेत, जुने आणि पिठूळ. त्यांच्या बोटाएवढ्या जाड फोडी करून थंड पाण्यात धुवाव्यात, म्हणजे पृष्ठभागावरचा सुटा स्टार्च निघून जातो, आणि फडक्यावर अगदी कोरड्या कराव्यात. शीतगृहातून थेट आलेला बटाटा या कामी दगा देतो : थंडीत त्यातल्या पिष्टाची साखर होते, आणि तळताना आतून शिजण्याआधी तो बाहेरून काळवंडतो. असा बटाटा काही दिवस घरच्या टोपलीत राहू द्यावा. फोडी दोनदा तळायच्या. पहिल्यांदा मध्यम तेलात, साधारण 150 अंशांवर, रंग न येता मऊ होईपर्यंत. मग काढून निववायच्या. आणि वाढायच्या अगदी आधी 180 ते 190 अंशांच्या कडकडीत तेलात सोनेरी करायच्या. पहिल्या तळणीत बटाटा शिजतो, दुसरीत त्याला कवच येते. हे कवच नसेल तर पुढे येणाऱ्या सॉसखाली त्याचा लगदा होतो.

सॉस हा या प्रयोगाचा नायक. दोन मोठे चमचे लोणी मंद आचेवर वितळवून त्यात दोन चमचे मैदा परतावा. कच्चा वास जावा पण रंग येऊ नये. मग एक मोठी वाटी, म्हणजे पाव लिटर, कोमट दूध थोडेथोडे घालत ढवळावे. गुठळ्या होतील अशी धास्ती वाटते, पण पहिल्या दोन पळ्या सावकाश घातल्या तर होत नाहीत. मिश्रण चमच्याच्या पाठीला चिकटू लागले की आच बंद करावी. हे वाक्य मी अधोरेखित करीन : आच बंद करावी, आणि मगच किसलेले चीज घालावे, दीडशे ते दोनशे ग्रॅम, मूठमूठ करून. चीजमधली केसीन नावाची प्रथिने कॅल्शियमच्या धाग्यांनी एकमेकांना धरून असतात आणि त्यांच्या जाळ्यात स्निग्धांश अडकलेला असतो. आच वाढली की ही प्रथिने आक्रसतात, स्निग्धांश पिळून बाहेर टाकतात, आणि सॉस फुटतो : वर तेलाचा तवंग, खाली रवाळ चोथा. मैद्याचा स्टार्च मध्ये पडून प्रथिनांना एकत्र गोळा होऊ देत नाही. शेवटी अर्धा चमचा मोहरीची पूड, चिमूटभर लाल तिखट, काळी मिरी आणि चमचाभर वूस्टर सॉस. या वूस्टर सॉसमध्ये चिंच असते हे कळल्यावर मराठी माणसाला थोडे आपलेपण वाटावे. त्यात अँकोव्ही नावाचे मासेही असतात, हे शाकाहारी वाचकांनी बाटली उघडण्याआधी वाचलेले बरे.

चीज कोणते, हा वादाचा मुद्दा आहे. स्प्रिंगफील्डचा परंपरावादी जुन्या, तिखटसर चेडरचा आग्रह धरील. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते ते अमूलचे प्रोसेस्ड चीज. ते घातले तर सॉस जवळजवळ कधीच फुटत नाही, कारण त्यात कॅल्शियमला बाजूला सारून प्रथिने व स्निग्धांश यांचा मेळ घालणारे क्षार आधीच असतात. हे तंत्र परके समजू नये. प्रोसेस्ड चीजचे पेटंट जेम्स क्राफ्ट याने 1916 साली मिळवले, आणि त्याचा व्यवसाय इलिनॉयातच, शिकागोत, होता. माझे मत विचाराल तर अर्धे चेडर आणि अर्धे प्रोसेस्ड घ्यावे. एकाची चव, दुसऱ्याचा संयम.

पाव जाड कापावा. आपला लादीपाव इथे चालत नाही. तो सॉस पिऊन बसतो. न कापलेला ब्रेड आणून अंगठ्याएवढे जाड काप काढावेत आणि लोण्यावर दोन्ही बाजूंनी कडक भाजावेत. ताटली तापवून घ्यावी. खाली पाव, त्यावर तव्यावर शेकलेला हॅमचा जाड काप, मग सॉस आणि बटाटे. इथे शेवटचा पाठभेद : आज बहुतेक ठिकाणी बटाटे आधी आणि सॉस वर. मला जुना क्रम पसंत आहे, सॉस हॅमवर आणि बटाटे कडेने. त्यात रूपक जिवंत राहते हे एक कारण. बटाटे कुरकुरीत राहतात हे दुसरे, आणि खरे. शाकाहारी घरात हॅमच्या जागी बटाट्याव्यतिरिक्त कशाचेही कटलेट घ्यावे. मसुराच्या कटलेटचा खमंगपणा चीजपुढे टिकतो. पनीर टाळावे. पनीरवर चीज म्हणजे यमकाला तेच अक्षर पुन्हा वापरण्यासारखे आहे.

याला सँडविच म्हणावे का, असे कोणी विचारील. 2006 साली मॅसॅच्युसेट्समधल्या एका न्यायालयाने बरिटो म्हणजे सँडविच नव्हे असा निकाल दिला, आणि सँडविचला सामान्यतः पावाचे दोन काप लागतात असे त्यात मानले गेले. त्या न्यायाने हॉर्सशूही बाद. परंतु युरोपच्या मध्ययुगात शिळ्या पावाचा जाड तुकडा हेच ताट असे. त्यावर रस्सेदार अन्न वाढत, आणि शेवटी रसात भिजलेले ते ताट खात किंवा दारच्या गरिबाला देत. सँडविच हा शब्द अठराव्या शतकातला. उघडा पाव त्याहून पुष्कळ जुना. म्हणजे हॉर्सशू हा सँडविचचा बिघडलेला अवतार नसून त्याच्या पूर्वजाचा वारस आहे. डेन्मार्कचा स्म्योरब्रॉ आणि 1926 साली केंटकीतल्या लुइव्हिलच्या ब्राऊन हॉटेलात जन्मलेला हॉट ब्राऊन हे त्याचे भाऊबंद. साहित्यप्रकारांची व्याख्या नव्या नमुन्यावरून करून जुन्याला त्या साच्यात नापास करण्याची खोड आपल्यालाही आहे. बखरीला ‘इतिहास नव्हे’ आणि लीळाचरित्राला ‘चरित्र नव्हे’ म्हणणारे काय वेगळे करतात?

राहिला प्रश्न चंगळीचा. असला पदार्थ म्हटला की आपल्याकडचा सुशिक्षित चेहरा आंबट होतो. जिभेचे चोचले, अमेरिकी अतिरेक, भोगवाद. आहाराच्या दृष्टीने हा पदार्थ जड आहे हे सांगायला वैद्य नको. तो रोज खावा असे स्प्रिंगफील्डचा माणूसही म्हणणार नाही. माझी तक्रार शब्दांविषयी आहे. ‘चंगळ’ हा एके काळचा मोकळा, आनंदी शब्द. आंब्याच्या दिवसांत पोरांची चंगळ होई, लग्नघरात पाहुण्यांची होई, आणि त्यात कोणाला अपराधी वाटत नसे. त्याला ‘वाद’ जोडून आपण समाजशास्त्राच्या उपयोगाची एक शिवी तयार केली, आणि त्या शिवीच्या भाराखाली मूळ शब्दच दबला. ‘भोग’ची कथा त्याहून गुंतागुंतीची. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या ‘मानसोल्लास’ या बाराव्या शतकातील ग्रंथात राजाच्या उपभोगांत ‘अन्नभोग’ विस्ताराने येतो, मांसाच्या आणि तळणीच्या कृतींसह, आणि कुठेही क्षमायाचना नाही. देवापुढे ठेवतो तोही भोग, आणि नशिबी येते ते दुःखही भोगच. एकाच धातूत उपभोग, नैवेद्य आणि यातना सामावणारी भाषा आपली. तिला इंग्रजी मासिकांतून आलेली ‘गिल्टी प्लेझर’ची उसनी अपराधभावना कशाला हवी?

शिवाय चंगळीला शिस्त लागते, हे टीकाकारांच्या ध्यानात येत नाही. दोनदा तळणे, आच बंद करण्याचा क्षण ओळखणे, ताटली तापवून ठेवणे, आणि पाव, हॅम, सॉस, बटाटे या चौघांना एकाच मिनिटाला तयार करून एकत्र आणणे. मिसळीच्या गाडीवर उभे राहून पाहा : उसळ, फरसाण, कांदा आणि वरून रस्सा घालून वाटी पुढे सरकवण्यात किती क्षणांचा हिशेब असतो. फरसाण भिजते आहे पण विरघळलेले नाही, या मधल्या अवस्थेतच मिसळ असते. हॉर्सशूही त्याच अवस्थेत असतो. कुरकुरीत आणि ओले यांची ही झुंज दहा मिनिटांत संपते, आणि विजय नेहमी ओल्याचा होतो. लघुप्रबंध नाकारणाऱ्या त्या विभागातल्या मंडळींना माझी सूचना एवढीच आहे की त्यांनी एखाद्या पाककृतीचे तीन पाठ घेऊन एक तास वर्गात घालवावा : एक छापील, एक आईच्या वहीतला, एक तोंडी सांगितलेला. क्रियापदे कोणती, ‘अंदाजाने’ हा शब्द कुठे येतो, कोणती पायरी गृहीत धरून वगळली आहे, ‘करावे’ आणि ‘करायचे’ यांत बोलणारी कोण आणि ऐकणारी कोण, हे मुलांना विचारावे. तास अपुरा पडेल.

आणि हॉर्सशू करूनच पाहणार असाल तर पाहुण्यांना आधी बसवा, मगच दुसरी तळणी तेलात सोडा. उरलेला हॉर्सशू दुसऱ्या दिवशी गरम करून खाता येत नाही. सॉस मात्र उरतो. तो मंद आचेवर चमचाभर दूध घालून सैल करावा आणि भाजलेल्या पावावर घ्यावा. हाच तो बिनसशाचा ससा.